सिलिका मेंब्रेन लवकर बनवायची तर भट्टीचा रॅम्प वाढवावा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे की तुम्ही बडोद्यातच एम.टेक. करताय, अल्फा अल्युमिनाच्या (सच्छिद्र सिरॅमिकच्या) डिस्कवर गॅमा अल्युमिनाचे दोन थर आणि त्यावर सिलिकाचे दोन थर देऊन हायड्रोजन-नायट्रोजन वेगळे करणारी मेंब्रेन (गॅसची गाळणी) बनवताय, एका मेंब्रेनला जवळजवळ दोन आठवडे जातात, त्यातल्या बऱ्याच शेवटी टेस्टला गळक्या निघतात, आणि गाइडनी दिलेला मिनिटाला अर्ध्या डिग्रीचा रॅम्प (भट्टी तापवायचा वेग) सोडून पाच डिग्रीवर गेलं तर चालेल का असं विचारलंय.

बहुतेक चालेल. पण गळक्या निघतायत त्याचं कारण रॅम्प आहे असं मला वाटत नाही, त्यामुळे नुसता रॅम्प बदललात तर गळक्या मेंब्रेन जरा लवकर बनतील एवढंच होईल. मी सिरॅमिक सपोर्ट (थराखालची आधाराची डिस्क) आणि सोल-जेल कोटिंगमधे बरीच वर्षं काम केलंय, आधी लॅबमधे आणि मग इथल्या मकरपुऱ्याकडच्या एका छोट्या युनिटमधे, तर त्या अनुभवावरून सांगतो. आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा, तुम्हाला एक मेंब्रेन लवकर हवीये की महिनाभरात जास्त चांगल्या मेंब्रेन हव्यात? दोन्हीचं उत्तर वेगळं येतं. भट्टीत एका वेळी एकच डिस्क ठेवत असाल तर हळू रॅम्प ठेवूनही सहा डिस्क एकत्र लावल्या की एका मेंब्रेनमागचा वेळ आपोआप खाली येतो, त्याला काही नवीन शोध लागत नाही. पण सोल (ज्या द्रवातून थर बसतो तो) बदलून बघायचाय, रेसिपी ट्यून करायचीये, म्हणजे आज केलेल्या बदलाचा रिझल्ट परवा हवाय, तर मात्र रॅम्पला हात घालावाच लागतो.

आता हिशोब बघा. ३० वरून ६०० डिग्रीला मिनिटाला अर्ध्या डिग्रीने जायला १९ तास, वर ३ तास सोक, म्हणजे त्याच तापमानाला धरून ठेवणं, आणि तसंच हळू उतरायचं म्हटलं तर परत १९ तास, म्हणजे एका थराला ४१ तास. चार थरांचे १६४ तास झाले, म्हणजे सातेक दिवस नुसती भट्टी. तुमच्या दोन आठवड्यांतला निम्मा वेळ हा, आणि उरलेला निम्मा सपोर्ट पॉलिश करणं, सोल बनवणं, वाळवणं, भट्टी रिकामी व्हायची वाट बघणं यात जातो. पाच डिग्रीवर गेलात तर चढायला दोन तासही लागत नाहीत. उतरताना भट्टी तिच्या चालीनेच उतरते, दोनशेच्या खाली तर फारच रेंगाळते, तरी एका दिवसात एक थर नक्की होतो. म्हणजे फायदा आहेच, पण तो भट्टीच्या वाट्याच्या निम्म्या वेळावर.

मग अर्धी डिग्री का सांगतात? कारण थर तडकतो अशी भीती असते. पण तडकण्याची कारणं तीन-चार आहेत आणि ती वेगवेगळ्या तापमानाला येतात, सगळ्यांवर एकच औषध म्हणून हळू रॅम्प दिला जातो. ही कारणं सुटी करून बघितल्याशिवाय कुठे घाई करायची आणि कुठे नाही ते कळत नाही.

सगळ्यात मोठा ताण वाळताना येतो, भट्टीत जायच्याही आधी. गॅमा अल्युमिनाच्या थरातली छिद्रं साधारण ४-५ नॅनोमीटरची. २ नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातून पाणी निघून जाताना कॅपिलरी दाब काढून बघा, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरला तर उत्तर येतं ७२ मेगापास्कल, म्हणजे ७०० बारच्या वर. एवढा दाब तो ओला, कच्चा थर सोसतो आणि खालचा सपोर्ट त्याला आडवं आकसू देत नाही, मग तो तडकणार नाही तर काय. आणि हे सगळं ४० डिग्रीला घडतं, जिथे तुमचा भट्टीचा प्रोग्रॅम सुरूसुद्धा झालेला नसतो! म्हणून बोहेमाइट सोलमधे (ज्यापासून गॅमाचा थर बनतो) थोडं पीव्हीए हे पॉलिमर घालतात आणि थर ४० डिग्री, ६० टक्के आर्द्रतेच्या आसपास तीन तास वाळवतात. तुम्ही लिहिलंय की डिस्क टेबलावर झाकून रात्रभर ठेवता. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमधे भिंतीला ओल येते, तोच सोल, तीच डिस्क, पण वाळणं पूर्ण वेगळं. एखादा बंद डबा घ्या, आत मिठाचं सॅच्युरेटेड द्रावण ठेवा, साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ धरतं आणि तेवढं पुरतं, छोटा हायग्रोमीटर लावा आणि डबा ४० डिग्रीच्या ओव्हनमधे ठेवा. रात्रभर नको, तीन-चार तासात काम होतं. वेळही वाचला आणि ऋतूचा फरकही गेला.

दुसरं कारण म्हणजे २०० ते ४०० डिग्रीत सेंद्रिय भाग जळणं. जाड पेलेटमधे बाइंडर जळताना गॅस अडकतो, उष्णता साठते, तिथे हळू जावंच लागतं. पण तुमचा गॅमाचा थर एका मायक्रॉनच्या आसपास आणि सिलिकाचा काही दहा नॅनोमीटरचा, त्यात पीव्हीए किंवा इथॉक्सी ग्रुप असून असून किती असणार, निघायला वाटही केवढी छोटी. इथे घाई चालते, फक्त भट्टीत हवा खेळती हवी. सपोर्ट स्वतः दाबून बनवत असाल तर त्याची पहिली भाजणी मात्र हळूच करा, तिथे मी सूट देणार नाही.

तिसरं, सपोर्टच्या आतबाहेर तापमानाचा फरक पडून तो फुटेल ही भीती. कागदावर काढून बघा. २ मिलिमीटर जाडीच्या सच्छिद्र अल्युमिनातून उष्णता एका सेकंदाच्या आत आरपार जाते, त्यामुळे मिनिटाला १०० डिग्रीने तापवलं तरी मधला आणि बाहेरचा फरक एखाद्या डिग्रीच्या आसपास राहतो, आणि पाच डिग्रीच्या रॅम्पला तर तो मोजताही येणार नाही. फरक पडतो तो लांब ट्यूबच्या दोन टोकांमधे, किंवा डिस्क थंड जाड विटेवर ठेवलेली असते तिथे. म्हणून डिस्क तीन टोकांवर टेकवून ठेवा, पातळ सेटर (डिस्कखाली ठेवायची फरशी) वापरा. ट्यूब असेल आणि टोकाला काचेचं ग्लेझ सील असेल तर गोष्ट वेगळी, मग मी दोन-तीन डिग्रीच्या पुढे जाणार नाही.

गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सचं उदाहरण द्यायचं तर, पूर्वी टनेल किलनमधे ज्या मालाला कितीतरी तास लागायचे तोच आज रोलर किलनमधून तासाभरात पक्का होऊन निघतो, कारण टाइल पातळ आहे, एकेक करून रोलरवरून जाते आणि वरून खालून सारखी तापते. मातीचं मिश्रण त्यासाठी वेगळं बसवावं लागलं, नुसती भट्टी जोरात पेटवून ते झालं नाही. आपल्यालाही तेच करायचंय, आधी थर आणि सपोर्ट असे बनवायचे की त्यांना घाई सोसेल.

आणि घाई सोसायची तर सगळ्यात महत्त्वाची आहे जाडी. थरात साठलेली ताणाची ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एका ठराविक जाडीच्या खाली तडा पुढे पळूच शकत नाही, रॅम्प कितीही ठेवा. १९९८ मधे डी व्होस आणि व्हेरवाइ यांनी ट्वेंटे विद्यापीठातून सायन्स नियतकालिकात सिलिका मेंब्रेनचं जे काम दिलं त्यात सिलिकाचा थर फक्त ३० नॅनोमीटरचा होता. एवढा पातळ थर रॅम्पने नाही तडकत, तो फुटतो धुळीने. एक मायक्रॉनचा धुळीचा कण ३० नॅनोमीटरच्या थरात पडला तर तो थराच्या तीसपट उंच झाला, त्याच्याभोवती सोल गोळा होतो, तिथे जाडी वाढते आणि तडा बरोबर तिथून सुटतो. त्या लोकांनी क्लीन रूममधे कोटिंग केलं ते काही उगाच नाही. तुमच्या वर्णनात फ्यूम हूडमधे डिप कोटिंग करतो असं आहे. खरं घोडं तिथेच पेंड खातंय! फ्यूम हूड म्हणजे सगळ्या खोलीची धूळ डिस्कवरून ओढून नेणारी जागा. लॅमिनार फ्लो बेंच बायोटेकवाल्यांकडे असतो, दोन तास मागून घ्या, पण त्यांना आधी सांगा की सोलमधे इथेनॉल आहे, आणि जवळपास बर्नर पेटलेला नको. तो नाही मिळाला तर ॲक्रिलिकचा डबा करून वर हेपा फिल्टर आणि छोटा पंखा लावून घ्या, आपल्याकडे जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कोणीही फॅब्रिकेशनवाला करून देईल. सिलिकाचा सोल कोटिंगच्या लगेच आधी ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. हे दोन बदल केल्यावर गळक्यांचं प्रमाण जेवढं खाली येतं तेवढं रॅम्प हळू करून कधीच येत नाही, आणि वेळेचं म्हणाल तर फेकून दिलेली मेंब्रेन हाच सगळ्यात मोठा खर्च आहे, दोन आठवडे पूर्ण वाया.

दोन-दोन थर का देतात तर पहिल्यातली पिनहोल दुसऱ्याने झाकावीत म्हणून. सपोर्ट गुळगुळीत असेल, छिद्रं १०० नॅनोमीटरच्या आसपास एकसारखी असतील आणि कोटिंग स्वच्छ असेल तर गॅमाचा एकच थर पुरतो, सिलिकाचाही बऱ्याचदा एक पुरतो. म्हणजे चाराचे दोन झाले, भट्टीचा वेळ सरळ निम्मा. त्यामुळे मला विचाराल तर पैसे सपोर्टवर घाला, बारीक पावडर, नीट पॉलिश, आणि बॅचमधली खराब डिस्क पहिल्याच दिवशी बाजूला.

सिलिकाबद्दल एक सावधगिरी आहे आणि ती मी मुद्दाम वेगळी सांगतोय. रॅम्प बदलला की थर तडकत नसला तरी थर तोच राहत नाही. सिलिकाचे ओएच ग्रुप एकमेकांशी जुळून पाणी बाहेर पडतं आणि जाळं घट्ट होतं, हे तापमान आणि वेळ दोन्हीवर ठरतं. झटकन वर नेलं तर ६०० ला पोचताना ओएच जास्त शिल्लक असतात, जाळं मऊ असतं आणि छिद्रं मिटण्याचा धोका वाढतो, किंवा सोक कमी दिला तर उलट अर्धवट जुळलेलं राहतं आणि मग ओल्या गॅसमधे हळूहळू बदलत जातं. म्हणून जलद रॅम्पला सोकचा वेळ आणि तापमान नव्याने बसवावं लागतं, आधी ४०० ला बघा, मग ५००, मग ६००. जुन्या रेसिपीचे आकडे तसेच येतील ही अपेक्षा ठेवू नका, कधी पर्मिअन्स (गॅस किती सहज आरपार जातो ते) घटेल, कधी सिलेक्टिव्हिटी (गॅस वेगळे करण्याची क्षमता).

उतरतानाचं मात्र टेन्शन घेऊ नका. अल्फा अल्युमिना डिग्रीमागे साधारण ८ पीपीएम (दहा लाखात आठ भाग) प्रसरण पावतो, सिलिका फक्त अर्धा पीपीएम. म्हणजे तापताना सिलिकाचा थर ताणला जातो आणि थंड होताना दाबला जातो, आणि दाबात तडा उघडत नाही. तेव्हा ते उतरतानाचे १९ तास गेले तरी चालतील, भट्टी बंद करा आणि आपली आपण उतरू द्या. फक्त भट्टी बरीच गरम असताना दार उघडू नका, ते सपोर्टसाठी वाईट, आणि १०० च्या जरा वर असतानाच चिमट्याने काढून डेसिकेटरमधे टाका, नाहीतर मायक्रोपोअरमधे, म्हणजे सिलिकाच्या अतिबारीक छिद्रांत, दमट हवेतलं पाणी बसतं आणि टेस्टला पर्मिअन्स उगाच कमी दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं.

जलद तापवायची सोय काय? मफल फर्नेस पाच-दहा डिग्रीपर्यंत ठीक नेते. त्याच्यापुढे जायचं तर ट्यूब फर्नेस आधीच ६०० ला स्थिर करा आणि क्वार्ट्झच्या बोटीत डिस्क ठेवून हळूहळू आत सरकवा, सरकवायचा वेग म्हणजेच तुमचा रॅम्प. महागडं इन्फ्रारेड लॅम्पवालं रॅपिड थर्मल उपकरण सेमीकंडक्टर लॅबमधे असतं, तेही चालतं, पण त्याच्यासाठी थांबून राहू नका. एक फायदा लोक विसरतात, ४१ तासांच्या प्रोग्रॅममधे मधेच लाइट जाण्याची शक्यता केवढी असते आणि सहा तासांच्या प्रोग्रॅममधे केवढी.

तुम्ही शेवटी झिओलाइटचं (बारीक छिद्रांच्या स्फटिकाचं) विचारलंय, की तिथे म्हणे एका मिनिटात तापवतात. हो, २००९ मधे सायन्समधेच चोई, त्सापात्सिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकलाइट-१ ची फिल्म साधारण मिनिटभरात ७०० डिग्रीला नेऊन दाखवली होती आणि तिची झायलीनचे प्रकार वेगळे करण्याची क्षमता सुधारली. पण तिथलं कारण वेगळं आहे हं. झिओलाइटच्या थरात क्रिस्टलच्या मधल्या सीमा असतात, आत टेम्प्लेट (क्रिस्टल घडवताना वापरलेला सेंद्रिय रेणू) अडकलेलं असतं. हळू तापवलं तर टेम्प्लेट निघून क्रिस्टल आकसतात आणि सीमा उघडतात. एकदम तापवलं तर टेम्प्लेट निघायच्या आधीच सीमेवरचे ओएच ग्रुप जुळून शेजारचे क्रिस्टल एकमेकांना बांधले जातात. म्हणजे तिथे वेग हा वेळ वाचवण्यासाठी नव्हता, दोष घालवण्यासाठी होता. दुसरा रस्ता म्हणजे टेम्प्लेट ओझोनने २०० डिग्रीच्या आसपास काढायचं, तापमानच कमी असल्यामुळे सपोर्ट आणि थर यांच्या प्रसरणाचं भांडण होत नाही, फक्त ओझोन विषारी आहे, बाहेर पडणारा गॅस नीट नष्ट करायची सोय हवी. आणि वाढ करतानाचा वेळ वाचवायचा तर आधी बियाणं म्हणून बारीक क्रिस्टल सपोर्टवर बसवून मग मायक्रोवेव्हमधे वाढवतात, तासांचं काम मिनिटांत येतं. पण तुमच्या डिझर्टेशनच्या मधे मटेरियल बदलू नका. फारच वाटलं तर बीटीईएसई हे सेंद्रिय भाग असलेलं सिलिकॉनचं संयुग वापरून हायब्रिड ऑर्गॅनोसिलिका करून बघा, ती नायट्रोजनमधे ३०० च्या आतबाहेर भाजतात आणि वाफेत साध्या सिलिकापेक्षा खूप जास्त टिकते, सिलेक्टिव्हिटी मात्र थोडी सोडावी लागते.

हे सगळं कुठे वापरायचं यावरही अवलंबून आहे. अमोनिया प्लांटच्या पर्ज गॅसमधून (बाहेर सोडल्या जाणाऱ्या गॅसमधून) हायड्रोजन परत घ्यायला पॉलिमरच्या मेंब्रेन १९८० च्या सुमारापासून चालतायत, थंड गॅसला त्या स्वस्त पडतात. तुमची सिलिका उपयोगी आहे ती गरम गॅसला, हायड्रोजन बनवणाऱ्या रिफॉर्मर किंवा शिफ्ट रिॲक्टरच्या जवळ, आणि तिथे वाफ असतेच. तेव्हा जलद बनवलेली मेंब्रेन एकदा तरी ओल्या गॅसमधे दोन-तीन दिवस चालवून बघा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

आता टेस्टबद्दल, कारण वेळ वाचवायची खरी जागा मला इथे दिसते. तुम्ही चारही थर झाल्यावर पहिल्यांदा गॅस लावता. तसं नका करू. गॅमाचा थर झाला की साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली तिरप्या उजेडात बघा, तडे आणि धुळीचे ठिपके दिसतात. मग पर्मपोरोमेट्री, नायट्रोजन सायक्लोहेक्झेनमधून बुडबुडवत न्यायचा, बारीक छिद्रं द्रवाने बंद होतात आणि उरतो तो फ्लो मोठ्या दोषांतून येणारा. सायक्लोहेक्झेन पेट घेतं, हूडमधेच करा. दोष जास्त दिसले तर त्या डिस्कवर सिलिका चढवू नका, तिथेच थांबा. सिलिका झाल्यावर हायड्रोजन आणि नायट्रोजन वेगवेगळे घेऊन गुणोत्तर काढा. ते ३.७४ च्या आसपास आलं तर गॅस सिलिकातून जातच नाहीये, दोषांतून नुडसेन फ्लोने (नुसत्या रेणूंच्या वजनावर ठरणाऱ्या प्रवाहाने) जातोय. नायट्रोजनचा पर्मिअन्स दाब वाढवल्यावर चढत गेला तर मोठं भोक आहे किंवा ओ-रिंग गळतेय, म्हणून आधी त्याच सेलमधे एक भरीव स्टीलची चकती बसवून गळती शून्य आहे ना ते पक्कं करा. बऱ्याच गळक्या मेंब्रेन या मुळात गळक्या सेल असतात.

गाइडना पटवायला वाद घालू नका, एकाच बॅचच्या सहा डिस्क घ्या, एकाच दिवशी एकाच सोलमधे स्वच्छ जागी कोट करा, एकाच डब्यात वाळवा, मग तीन अर्ध्या डिग्रीने आणि तीन पाच डिग्रीने भाजा. नायट्रोजनचा पर्मिअन्स दाबाच्या समोर काढून सहाही रेषा एकाच ग्राफवर ठेवा. सहाही सपाट आल्या तर पुढे सोक बसवायला घ्या. फक्त पाच डिग्रीवाल्या चढल्या तर रॅम्प दोनवर आणून परत बघा, आणि दोन्हीकडे एखाददुसरी चढली तर भट्टी सोडा आणि त्या डिस्क मायक्रोस्कोपखाली घेऊन धूळ शोधा. ग्राफ झाला की डिस्कची जाडी, सपोर्टचं छिद्र आणि सोलचं डायल्यूशन एवढं लिहून टाका, मग सोक किती ठेवायचा ते आकड्यांवरून सांगता येईल.